चार पायांचा रांजण

त्याला पाय चार. आखूड आणि जाडजूड. पोट सुटलेलं, तोंड वरच्या बाजूला आ वासलेलं. डोकं नाही, कान नाहीत, शेपूट नाही. आणि पोटात एक माणूस मांडी घालून बसलेला, गेली तीनएक हजार वर्षं.

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावच्या वस्तू पाहत होतो, तेव्हा शेजारी एका शाळेची सहल उभी होती. मुलांना खापरांमध्ये काडीचा रस नव्हता. दगडी हत्यारांपुढून ती पळतच आली होती. पण या रांजणाने त्यांना अडवलं. "सर, हा कुठला प्राणी?" एकाने विचारलं. सर म्हणाले, "प्राणी कुठला, रांजण आहे तो. जुन्या काळी माणूस मेला की असं पुरायचे." लगेच दुसरा पुढे सरकला. "आतला माणूस खरा आहे?" सर म्हणाले, "खराच." त्यावर मागून एका मुलीचा बारीक आवाज आला, "कशावरून?"

सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि सहल पुढच्या दालनात गेली. मी तिथेच राहिलो. त्या मुलीचा प्रश्न चुकीच्या जागी विचारला गेला होता, असं मला वाटलं. रांजणाकडे कितीही टक लावून पाहिलं तरी तो खरा आहे की नाही, हे रांजण सांगणार नाही. त्यासाठी तो जिथून उचलला तिथे जायला हवं. ती जागा पुणे जिल्ह्यातच आहे, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. परत यायला दौंडची वाट होती, आणि त्या बाजूलाही मला थोडं काम होतं.

वाकडेवाडीहून शिरूरची एसटी धरली. नगर रस्त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. वाघोलीपर्यंत पुणं संपतच नाही आणि शिक्रापूरच्या पुढे कारखान्यांची कुंपणं सुरू होतात. मधे कोरेगावला भीमा ओलांडली तेवढाच काय तो नदीचा वारा. रांजणगावला महागणपतीचे भाविक उतरले, एमआयडीसीतले कामगार चढले, आणि जागा मिळाल्यामुळे मी खिडकीशी बसून जत्रांचा विचार करत राहिलो.

कारण खरा-खोटा प्राणी म्हटलं की आपल्याला आधी जत्राच आठवते. लहानपणी जत्रेत एक तंबू असायचाच. बाहेर रंगवलेला पडदा, कर्ण्यावर ओरडणारा माणूस, आणि आत कोळ्याच्या अंगावर मुलीचं मुंडकं. पाठीवर पाचवा पाय लोंबणारी गाय तर दारोदार यायची. तिच्या पायाला हात लावून लोक नमस्कार करायचे, आणि तो पाय जन्मजात आहे की कुणी चिकटवलाय, हे विचारणं वाईट दिसायचं. साहेबाच्या देशांतही हेच. 1842 साली न्यूयॉर्कमध्ये बार्नम नावाच्या खेळियाने 'फिजीची जलपरी' मांडली. वरचा भाग माकडाचा, खालचा माशाचा, दोन्ही वाळवून बेमालूम जोडलेले. लोकांनी तिकीट काढून गर्दी केली. गंमत अशी की त्याच्या आधी चाळीसेक वर्षं याच्या नेमकं उलट घडलं होतं. ऑस्ट्रेलियाहून एका प्राण्याचं वाळवलेलं कातडं लंडनला पोचलं. बदकाची चोच, उदमांजरासारखी लव. जॉर्ज शॉ या निसर्गशास्त्रज्ञाने 1799 साली त्याचं वर्णन छापलं, पण हे कुणी चोच जोडून तर केलं नसेल ना, ही शंकाही त्यातच नोंदवली. तो प्राणी म्हणजे प्लॅटिपस, अगदी खरा. म्हणजे डोळ्यांवर विसंबायचं, तर जलपरी पास होते आणि प्लॅटिपस नापास.

शिरूरला उतरलो. जुनी माणसं अजून या गावाला घोडनदीच म्हणतात. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा सांगितला, तर शेजारच्या टेबलावर बिबट्याचा विषय चाललेला. या तालुक्यात तो विषय शिळा होत नाही. उसात बिबट्यांची पिढ्यान्‌पिढ्या वाढ झालेली आहे. त्या बिबट्याने जंगल पाहिलेलंच नाही, त्याचं घर म्हणजे फडच. शेळ्या, कुत्री तर जातातच, माणसंही गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला उसात शिरायचं म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळायचं नाही. त्यामुळे चेष्टेचा सूर असला तरी खाली भीती होती.

एका तरुणाने मोबाइल पुढे केला. अंगणात तुळशीवृंदावनापाशी बिबट्या बसलेला, फोटो अगदी स्वच्छ. "शेजारच्या वस्तीवरचा हाय, काल रात्रीचा." बाकीच्यांनी मोबाइल फिरवला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "पाय मोज की."

मोजले. एक पंजा जास्तीचा निघाला. कुणीतरी संगणकाकडून काढून घेतलेला फोटो होता आणि तो कुठल्या कुठल्या गटांतून फिरत या टेबलापर्यंत आला होता. तरुण खजील झाला. मग गृहस्थ मला म्हणाले, "फॉरेस्टवाले आले की फोटो बघतच नाहीत. ठसा कुठंय, म्हणतात. ठसा असंल तर पिंजरा. नाहीतर चहा पिऊन जातात."

हे वाक्य मी मनात ठेवून दिलं. संग्रहालयातल्या त्या मुलीला हेच उत्तर द्यायला हवं होतं.

शिरूरहून न्हावऱ्यापर्यंत वडापची जीप. पुढे इनामगावला एका दुधवाल्या दादांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. हिवाळ्याची सकाळ, दोन्ही बाजूंनी ऊस, मधेच तोडलेले फड आणि वाढ्यांचे भारे घेऊन निघालेल्या बाया. गाव ओलांडून नदीकडे वळलो, की काळ्या रानात मधेच एक उंचवटा लागतो आणि माती बदलते. राखट, भुरभुरीत, फिकी. आपल्याकडे शेतकऱ्यांना अशी जागा बिनचूक ओळखता येते, तिला ते पांढर म्हणतात. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली, तिथेच चुली पेटवल्या, जनावरं बांधली, घरं पडली आणि त्यावरच पुन्हा बांधली, की मातीला हा रंग येतो. ही माती पिकाला चांगली, म्हणून महाराष्ट्रात कितीतरी पांढरी गाड्या भरभरून शेतांत गेल्या. किती इतिहास असा ज्वारीत गेला असेल, कुणास ठाऊक. इनामगावची पांढर वाचली.

1968 ते 1983 या काळात, एकामागून एक हंगाम, डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथे खणलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. आधीची पुष्कळशी उत्खननं म्हणजे विहिरीसारखा एक खोल चर घ्यायचा आणि खाली कुठल्या काळापर्यंत पोचतो ते पाहायचं, अशी होती. त्यातून काळाचा क्रम लागतो, पण गाव दिसत नाही. इनामगावला त्यांनी आडवं खणलं, विस्ताराने. त्यामुळे शंभराहून जास्त घरांच्या जमिनी, खांबांचे खड्डे, चुली, धान्याची पेवं, कुंभाराची भट्टी असं अख्खं गाव उघडं झालं. नदीला पूर आला की पाणी वळवून घेण्यासाठी खणलेला 100 मीटरांहून लांब चरसुद्धा सापडला. पाट खणायची या मुलखाला तेव्हापासूनची सवय आहे.

काळ निघाला साधारण इ. स. पूर्व 1600 ते 700. शेवटी केव्हातरी पाऊस आटला असावा, असं पुरातत्त्वज्ञ मानतात. सुबत्तेच्या काळातली ऐसपैस चौकोनी घरं गेली आणि त्यांच्या जागी लहान लहान गोल झोपड्या आल्या. मी उभा होतो तिथून हाकेच्या अंतरावर ऊसतोड टोळीच्या कोप्या होत्या, पाचटाने शाकारलेल्या. बाहेर तीन दगडांची चूल, एक बाज, एक लहान मूल आणि मोबाइलवर लावलेलं गाणं. त्या गोल झोपड्या कशा असतील याची कल्पना करायला मला फार लांब जावं लागलं नाही.

दुधवाल्या दादांनी शेतावरच्या एका आजोबांना हाक मारली. ते पोरसवदा असताना उत्खननावर घमेली उचलायला होते. "आम्हाला वाटायचं, सोनं शोधत्यात," ते म्हणाले. "पण साहेब लोक कुंचल्यानं माती झाडायचे. खापराचा तुकडा निघाला तरी त्याला नंबर. आम्ही हसायचो. मग हाडं निघाली तवा हसू बंद झालं."

हाडं पुष्कळ निघाली. अडीचशेहून जास्त दफनं, त्यातली बरीचशी लहान मुलांची. तान्ह्या मुलाला दोन मडक्यांत ठेवायचं, मडकी आडवी करून तोंडाला तोंड लावायची आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायची. जमीन सारवून त्यावरच आई पुन्हा स्वयंपाक करत असणार. आपल्याकडे आजही तान्हं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणं निजवायचे, डोकं उत्तरेला, शेजारी अन्नपाण्याची भांडी. आणि पावलं घोट्याखाली तोडलेली.

"बाया त्या अंगाला फिरकायच्या नाहीत," आजोबा म्हणाले. "पाय तोडलेली माणसं म्हणल्यावर कोण जाईल? पण आमची आजी म्हणली, बरोबर हाय, माघारी येऊ नये म्हणून तोडले असतील." ढवळीकरांनी आणि इतरांनी लावलेला अर्थ याच वळणाचा आहे: मेलेल्याचं भूत होऊन ते घराकडे चालत येऊ नये म्हणून हा बंदोबस्त. आजीने तो शोधनिबंधाआधी लावला होता की नंतर ऐकला होता, हे आजोबांना सांगता आलं नाही.

आता तो रांजण. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक घर होतं, इथल्या सगळ्यांत मोठ्या घरांपैकी एक. धान्याची कोठीही त्याच घरची. या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला आणि त्यात बसलेल्या स्थितीतला एक पुरुष, वय साधारण चाळिशीचं. त्याची पावलं शाबूत. सगळ्या वस्तीतल्या मोठ्या माणसांना आडवं निजवलेलं आणि पावलं कापलेली, याला मात्र बसवलेलं आणि पाय अखंड. मोठं घर, मधली जागा, धान्याची कोठी, वेगळा मान. यावरून हा गावाचा प्रमुख असावा, असं म्हणतात. शाळेच्या पुस्तकातही या रांजणाचा उल्लेख आहे, त्यामुळे मुलांना तो प्रमुख पाठच असतो. रांजणाच्या फुगीर पोटात आईचं उदर पाहणारेही आहेत: आला तसा परत गेला.

माझा स्वतःचा विश्वास इथे दोन भागांत वाटला जातो. रांजण होता, माणूस होता, पावलं होती, घर पाच खोल्यांचं होतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. कारण कुठल्या खड्ड्यात, कुठल्या थरात, कुठल्या जमिनीखाली काय निघालं, याची त्या वेळी नोंद झाली, मोजमापं झाली, आराखडे काढले गेले. त्याच थरांतल्या कोळशावरून काळ काढला. हाडं आणि दात यांवर जॉन लुकास आणि सुभाष वाळिंबे यांनी वेगळा अभ्यास केला, आणि 1988 साली उत्खननाचा जाडजूड अहवाल छापून आला. कुणालाही तो उघडून भांडता येतं. पण 'प्रमुख' ही पदवी मातीतून निघालेली नाही. ती आपण दिली. चांगला अंदाज आहे, मी नाकारत नाही. तरी मला राहून राहून वाटतं, आपल्याच मुलखात माणसाला बसवून पुरायची रीत आहे. संन्याशाला समाधी देतात ती बसवून, लिंगायत समाजात बसवूनच पुरतात. त्या लोकांचा धर्म कुणी आपला मानू नये, तीन हजार वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. पण बसलेला माणूस म्हटला की तो पाटीलच असला पाहिजे, असं नाही. कदाचित देवऋषी असेल. कदाचित त्याच्यापुढे सगळं गाव कौल लावत असेल. पाच खोल्या देवऋषीलाही मिळू शकतात, आजही मिळतात.

देवाचा विषय निघालाच आहे तर इथली आणखी एक वस्तू सांगायला हवी, कारण माझ्या मते रांजणाहून ती अधिक गूढ आहे. एका घराच्या जमिनीखाली मातीची छोटी झाकणाची पेटी पुरलेली होती. तिच्यासोबत कच्च्या मातीची स्त्री, मस्तक नसलेली, आणि एक बैल. स्त्रीच्या पोटाला छिद्र आणि बैलाच्या पाठीलाही छिद्र. दोन्हीत काडी घातली की ती बैलावर उभी राहते. डोकं तुटून पडलेलं नाही, मुळात केलेलंच नाही. कुणीतरी ही देवी घडवली, पेटीसोबत जमिनीखाली पुरली आणि वरून सारवून टाकलं. का, याचं उत्तर द्यायला घरात कुणी उरलं नाही. तज्ज्ञ तिच्यात पुढच्या काळातल्या शिरोहीन देवींची पूर्वज पाहतात.

पायाशी खापरं पडलेली होती. तांबूस अंगावर काळ्या रेघा, जोर्व्याची म्हणतात ती घडण. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ती ओळखली जाते, पण या नद्यांच्या खोऱ्यांत सगळीकडे सापडते. एक खापर उचललं, पाहिलं, पुन्हा तिथेच ठेवलं. आजोबा म्हणाले, "न्या की, पडलीच हायेत." नेण्यात कायदा आडवा येतो, ते सोडाच. पुण्याला माझ्या टेबलावर ते गेलं असतं तर महिन्याभरात ते नुसतं खापर झालं असतं, कुठलंही.

या बाबतीत दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत, दोन्ही महाराष्ट्रातल्या. पहिली इथून उत्तरेला, प्रवरेकाठच्या दायमाबादची. 1974 साली तिथे झाडाचं मूळ खणताना एका माणसाला ब्राँझची शिल्पं सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. सगळ्यांचं मिळून वजन 60 किलोंहून अधिक. त्यातले प्राणी मी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात पाहिले आहेत. इतकं देखणं धातुकाम या भागात त्या काळी झालं असेल, यावर पहिल्या नजरेत विश्वास बसत नाही. आणि वादही तिथेच सुरू झाला. शिल्पं उत्खननात निघाली असती तर ज्या थरात निघाली त्याचा काळ तोच त्यांचा काळ ठरला असता. पण ती मूळ खणताना निघाली, थर पाहायला कुणी नव्हतं. मग कुणी शैलीवरून त्यांना हडप्पाकाळात नेतं, तर धातूत आर्सेनिकचं प्रमाण जास्त आहे म्हणून डी. पी. अग्रवालांसारखे अभ्यासक त्यांच्या प्राचीनपणावरच शंका घेतात. शिल्पं तीच, संग्रहालयात मांडलेली. फक्त खड्ड्याची वही नाही.

दुसरी गोष्ट रानपिंगळ्याची. हा खरोखरचा पेंढा भरलेला प्राणी, आणि इथे खोटेपणा भलत्याच जागी होता. एकोणिसाव्या शतकात मध्य भारतात आणि खानदेशात मिळालेले या छोट्या घुबडाचे सातच नमुने जगभरच्या संग्रहालयांत होते. 1884 नंतर पक्षी दिसेना. मात्र रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, चिठ्ठीवर लिहिलेलं: गुजरातेत तापीकाठी मांडवी, 1914. पक्षी शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून हिंडले आणि रिकाम्या हाती परतले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, त्याची क्ष-किरण चित्रं काढली, तेव्हा कळलं की हा खानदेशातल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने मिळवलेला जुना पक्षी. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नव्या चिठ्ठीने सजवलेला होता. चिठ्ठी बाजूला ठेवल्यावर 1997 च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट जुन्या खऱ्या ठिकाणांकडे गेले आणि शहाद्याजवळ रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला, भर सकाळी. पिसं खरी, चोच खरी, हाडं खरी. लबाडी होती ती दोऱ्याने बांधलेल्या कागदाच्या चिटोऱ्यात, आणि शंभराहून अधिक वर्षं नाहीशा समजल्या गेलेल्या पाखराचा शोध तेवढ्या चिटोऱ्याने भलतीकडे नेला.

जलपरीचंही तेच. शिवण कुठे आहे हे शोधत बसण्यापेक्षा, कुठल्या किनाऱ्यावर, कुणाच्या जाळ्यात, त्या वेळी तिथे कोण कोण होतं, एवढं विचारलं असतं तरी बार्नमचा तंबू गुंडाळावा लागला असता. इनामगावच्या उत्खननात मगरीची, कासवाची, काळविटाची, सांबराची हाडं निघाली आहेत. आज घोड नदीच्या या पात्रात मगर होती म्हटलं तर हॉटेलातली माणसं हसतील. पण हाडांवर थराचा नंबर आहे, म्हणून मगर खरी.

आजोबांच्या घरी भाकरी, वांग्याचं कालवण आणि ताक झालं. निघताना आजींनी विचारलं, "मग तो रांजण तिकडं नीट ठेवलाय का?" मी म्हटलं, ठेवलाय. "बरं झालं. इथं असता तर पोरांनी दगडं मारून फोडला असता." पोरं अंगणातच होती, त्यांनी मान डोलावली.

न्हावऱ्याला परतून चौफुल्याची गाडी मिळाली. पारगावपाशी भीमा ओलांडली की शिरूर तालुका संपतो आणि दौंड लागतो. पूल बराच लांब आहे, खाली पाणी हिरवट, काठाला जलपर्णी. इकडे येताच गुऱ्हाळं सुरू होतात. चिमण्यांतून धूर, वाळत घातलेल्या चिपाडाचे ढीग, उकळत्या रसाचा गोड करपट वास. राहूच्या अंगाला गेलं की भीमा आणि मुळा-मुठा यांच्या संगमाजवळ वाळकी आहे. इनामगावच्या बरोबरीची एक छोटीशी वस्ती तिथेही डेक्कन कॉलेजला सापडली. ती पाहायचा बेत होता, पण दिवस कलला होता आणि तिकडे जायला वाहन नव्हतं. एका गुऱ्हाळावर उतरून काकवी घेतली. मालक काहिलीतल्या रसावरची मळी काढत होते. वाळकीचं विचारलं, तर म्हणाले, "ती पांढर? हां, खणली होती म्हणतात. तिथं काय सापडलं?" मी घरं, भांडी असं सांगितलं. "सोनं?" नाही म्हटल्यावर ते पुन्हा काहिलीकडे वळले.

चौफुल्याला कला केंद्रांच्या पाट्या एव्हाना उजळल्या होत्या. केडगावलाच रेल्वे धरता आली असती, पण मला दौंड जंक्शनवर बसायला आवडतं. सोलापूर, मनमाड, बारामती आणि पुणे अशा चारी दिशांच्या गाड्या तिथे फुटतात आणि गावातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी रेल्वेत असतं किंवा होतं. बाकावर शेजारी बसलेले गृहस्थ असेच, लोको शेडमधून निवृत्त झालेले. कुठून आलात, कुठे गेला होतात, हे ओघाने आलं. मी रांजणाची सगळी हकीकत सांगितली. तोडलेल्या पावलांचं सांगितलं, भुताने माघारी येऊ नये म्हणून, हेही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"आणि रांजणातल्याचे पाय तसेच?"

"तसेच. तो गावाचा प्रमुख असावा, म्हणून."

"हे काय पटत नाही," ते म्हणाले. "साध्या माणसाचं भूत आलं तर काय करील? कोपऱ्यात बसंल, भाकर मागंल. बंदोबस्त करायचा तर मोठ्याच्या भुताचा करावा लागतो. तोच तर माघारी येऊन सगळ्यांना कामाला लावणार." थोडा विचार करून पुढे म्हणाले, "त्याला रांजणात कोंबून वरून माती लोटली, हाच बंदोबस्त असंल. मग पाय कशाला तोडतील?"

पुण्याच्या गाडीची घोषणा झाली. हा अर्थ अहवालात कुठे आहे का, ते त्यांनी मला बघायला सांगितलं, आणि नसला तर कुणाला तरी कळवा म्हणाले.